डायलिसिस, बीपीच्या गोळ्या आणि 'ती' गोळी : कुणाला अनुभव आहे का?

मंगळ_गुरू_शनी
नवा आयडी आहे. जुन्या आयडीने हे लिहायचं धाडस झालं नाही. शैलीवरून कुणी ओळखलंच तर कृपया गप्प बसा.

वय ४८, मधुमेह १७ वर्षं, डायलिसिस सव्वा वर्ष, आठवड्यातून तीनदा (आयडी वाचा). लघवी दिवसाला कपभर. गोळ्या : अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, रात्री प्रॅझोसिन, जेवणाबरोबर सेव्हेलामर, मळमळलं तर मेटोक्लोप्रमाइड. शिवाय इन्सुलिन आणि रक्तवाढीचं इंजेक्शन.

दोन वर्षं झाली, संबंध जमत नाहीत. बायको एका शब्दाने बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. डायलिसिसला माझ्या शेजारच्या बेडवर एक गृहस्थ असतात. त्यांनी मध्यंतरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून चार गोळ्या हातात ठेवल्या. सिल्डेनाफिल १००, म्हणजे व्हायग्रातलं औषध. "अर्धी घ्या, मी घेतो, काही होत नाही." दोन आठवडे त्या माझ्या चष्म्याच्या डबीत पडून आहेत. नेफ्रॉलॉजिस्ट माणूस चांगला आहे, पण राउंडला येतो तेव्हा मागे दोन सिस्टर, एक टेक्निशियन आणि आजूबाजूला नऊ बेड. तिथे तोंड कसं उघडायचं?

अर्धी घेतली तर चालेल का, एवढाच प्रश्न आहे. चेष्टा चालेल, कीव नको.

कट्ट्यावरचा_बाळ्या
चेष्टेची परवानगी आगाऊ देणारा पहिला धागालेखक! पण डबीतल्या गोळ्या चष्म्याला लागल्या तर काड्या ताठ होतील, जपा.

वाटीभर_पोहे
बाळ्या, सुधर. धागालेखक, हे लिहिल्याबद्दल आभार. माझे मोठे भाऊ तीन वर्षं डायलिसिसवर होते. पोटॅशियम, फॉस्फरस, पाणी, सगळ्यावर घरात चर्चा व्हायची. याबद्दल एकदाही नाही. वहिनीने ते गेल्यावर सांगितलं.

औषधवाले_काका
सांगलीत ३४ वर्षं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

अर्धी म्हणजे ५० मिग्रॅ. मूत्रपिंडाचं काम (मिनिटाला किती मिली रक्त गाळतं ते) ३० च्या खाली गेलेल्या माणसाला सुरुवातच २५ ने करतात, कारण तेवढ्याच गोळीत त्याच्या रक्तात औषध साधारण दुप्पट चढतं. म्हणजे तुमची "अर्धी" ही धडधाकट माणसाच्या अख्ख्या १०० सारखी. आणि तुम्ही रात्री प्रॅझोसिन घेता. तीही रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही एकाच रात्री पोटात गेल्या की माणूस पलंगावर असेपर्यंत ठीक असतो. बाथरूमला जायला उठला की डोळ्यापुढे अंधारी. आमच्या गिऱ्हाइकांत प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनवाले (प्रॅझोसिनच्याच जातीची गोळी) असे पडलेले पाहिलेत. एकाने वॉशबेसिन खाली आणलं.

पण हे सगळं नंतर. आधी सांगा, रोजच्या गोळ्या लिहिल्यात, कधीमधीच्या कोणत्या? डोकेदुखी, पित्त, छाती, झोप, सगळं लिहा.

तर्कट
काका, आदर ठेवून असहमत. सिल्डेनाफिल यकृत पचवतं, बहुतेक भाग शौचावाटे जातो. मूत्रपिंडाचा संबंध काय? उगाच घाबरवता.

औषधवाले_काका
@तर्कट, बरोबर आहे, मूत्रावाटे थोडंच जातं. पण दुप्पट हे कुणी अंदाजाने म्हटलेलं नाही, रक्त काढून मोजलंय. रक्तात युरियाची घाण साचली की यकृताचे एन्झाइमही मंदावतात, आणि गोळीपासून तयार होणारा उपपदार्थही साचून राहतो. तोही थोडाफार तेच काम करतो. स्वयंपाकघर वेगळं आणि मोरी वेगळी, पण मोरी तुंबली की स्वयंपाक थांबतोच.

नव्या_किडनीचा_मालक
माझं ट्रान्सप्लांट २०१६ मध्ये, आईने दिली. माझा अनुभव ऐका.

ट्रान्सप्लांटनंतर वर्षभराने सगळं पूर्ववत होईल असं वाटलं होतं. काहींचं होतं, माझं अर्धवट झालं. नेटवर वाचलं, "किडनी आता उत्तम, नेहमीचा डोस चालेल." क्रिएटिनिन १.२, म्हणजे जवळपास नॉर्मल. दुकानातून ५० ची गोळी आणली, कुणी चिठ्ठी विचारली नाही. अर्ध्या तासात कान तापले, नाक चोंदलं. पाऊण तासाने ट्यूबलाइट निळसर दिसायला लागली. उठलो, तर बाथरूमचा नळ धरूनच उभा राहिलो. बीपी ८४/५०. बायकोने पाय उशीवर चढवले, पहाटेपर्यंत तशीच बसून होती. ज्या कारणासाठी गोळी घेतली ते राहिलं बाजूला.

कारण नंतर कळलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून मी टॅक्रोलिमस घेतो, आणि त्याचा डोस (आणि खर्च) कमी लागावा म्हणून डॉक्टरांनी सोबत डिल्टिआझेम ही बीपीची गोळी दिली होती. सीवायपी३ए४ नावाचा एन्झाइम डिल्टिआझेम दाबून धरतं, म्हणून टॅक्रोलिमस रक्तात टिकतं. सिल्डेनाफिलही तोच एन्झाइम फोडतो. म्हणजे तेही टिकलं. किडनी उत्तम असून गोळी जड गेली. आता २५ घेतो, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने.

हिरडा_बेहडा
या रासायनिक गोळ्या हव्यातच कशाला? शिलाजित, अश्वगंधा, कौचबीज यांचं चूर्ण दुधातून घ्या. आपल्या शास्त्रात वाजीकरणाचा स्वतंत्र विभाग आहे. दुष्परिणाम शून्य.

नव्या_किडनीचा_मालक
@हिरडा_बेहडा, दूध? डायलिसिसवाल्याला? फॉस्फरस आणि पाणी दोन्हीचा हिशोब गेला.

स्टेथो_हरवलेला
फिजिशियन आहे. "दुष्परिणाम शून्य" वर दोन शब्द. शास्त्राशी माझं भांडण नाही, पुडीशी आहे. 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्ये वेष्टनावर न लिहिलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचं टाडालाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हापुन्हा दिलेत. डोस किती, देव जाणे. रुग्ण इमर्जन्सीत "मी कुठलीही गोळी घेतलेली नाही, फक्त जडीबुटी" असं शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. दुसरं, पारा-शिसं असलेली भस्मं अजून लघवी होणाऱ्यांच्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत.

सुरंगी
मी पलीकडच्या बाजूने लिहिते. नवरा पाच वर्षं डायलिसिसवर, आम्ही सावंतवाडीकडचे. धागालेखक म्हणतात बायको बोलत नाही. अहो, ती घाबरते. तुमच्या हातातला फिश्चुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली रक्तवाहिनी) सारखा थरथरत असतो. झोपेत त्यावर माझा हात पडेल म्हणून मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपले. ह्यांना वाटलं मला किळस येते. मी ते सांगितलं तेव्हा कुठे आमचं बोलणं सुरू झालं. गोळी त्याच्यानंतर आली. डॉक्टरांनी दोनच नियम घालून दिले. डायलिसिसच्या दिवशी घ्यायची नाही, आणि प्रॅझोसिनच्या वेळेपासून लांब ठेवायची.

आणि पाणी! गोळी गिळायला ह्यांनी पहिल्या दिवशी तांब्या तोंडाला लावला. म्हटलं, उत्साह समजू शकते, पण हे ३०० मिली शनिवारी मशीनला काढावं लागेल.

कट्ट्यावरचा_बाळ्या
सुरंगीताई, दंडवत. मी आज शहाण्यासारखा वाचतोय फक्त.

रिकामा_प्याला
शनिवारवरून एक शंका. आदल्या रात्री घेतली आणि त्रास झाला, तर सकाळी डायलिसिसमध्ये धुऊन निघेल ना?

स्टेथो_हरवलेला
नाही. सिल्डेनाफिलचा साधारण ९६ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतो, फिल्टरमधून तो बाहेर येत नाही. उलट मशीन अडीच-तीन लिटर पाणी ओढतं तेव्हा बीपी आधीच घसरणीला लागलेलं असतं, त्यात ही गोळी अंगात म्हणजे खुर्चीतच भोवळ. म्हणून सुरंगीताईंचा नियम सोन्यासारखा आहे.

टाडालाफिलचं आणखी वेगळं. त्याचं अर्धायुष्यच, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायचा वेळ, साडेसतरा तास. निरोगी माणसात ती 'वीकेंडची गोळी' म्हणून मिरवते. डायलिसिसवर मात्र ५ मिग्रॅ, तीही ७२ तासांत एकदाच, ही कमाल मर्यादा. रोजची छोटी गोळी नकोच. आठवड्यातून तीन डायलिसिस धरले तर टाडालाफिल अंगात नाही असा डायलिसिसचा दिवस शोधणं कठीण, म्हणून मी सिल्डेनाफिलकडे झुकतो. याच जातीची तिसरी गोळी, व्हार्डेनाफिल, डायलिसिसवाल्यांना देऊच नये.

विदर्भाचं_ऊन
माझी गंमत ऐका भाऊ. डायलिसिस सुरू झाल्यावर मानेला टीबीची गाठ निघाली. रिफॅम्पिसिन चालू झालं. सिस्टर म्हणाल्या, "लघवी लाल होईल, घाबरू नका." म्हटलं, "ताई, होऊ तर द्या!"

तर त्या काळात डॉक्टरांनी दिलेली टाडालाफिल घेतली, शून्य परिणाम. माझ्या डोक्याने दुप्पट केली, तरी शून्य. रिफॅम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की ही गोळी जवळपास सगळी फोडून टाकते. हे मला कुठं ठाऊक! टीबीचा कोर्स संपला, महिनाभराने त्याच दुप्पट डोसने घेतली. आता यकृत परत आळशी. दोन दिवस पाठ दुखत होती, डोकं ठणकत होतं, बीपी वर यायला तयार नाही. डायलिसिसवाल्यांनी पाणी न काढताच घरी पाठवलं.

वाटीभर_पोहे
म्हणजे एक औषध *सुरू* करताना विचारायचं हे माहीत होतं, *बंद* करतानाही विचारायचं हे आज कळलं.

नव्या_किडनीचा_मालक
अवांतर : आमच्या ट्रान्सप्लांटच्या आहारपत्रकात पपनस आणि ग्रेपफ्रूट ठळक अक्षरात बाद आहेत. तोच एन्झाइम. गणपतीत शेजाऱ्यांकडे प्रसादाच्या ताटात पपनसाच्या सोललेल्या फोडी आल्या की मी दोन्ही हात मागे बांधून उभा असतो.

सुरंगी
आणि डायलिसिसवाल्यांनी कमरख! ते पाच धारांचं आंबट फळ, कापलं की चांदणीसारखं दिसतं. त्यातलं विष निकामी मूत्रपिंड बाहेर टाकू शकत नाही. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. आमच्या परसातलं झाड मी तोडायला लावलं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.

कट्ट्यावरचा_बाळ्या
धागा गोळीवरून फळबागेत गेला. मूळ गृहस्थ कुठे आहेत?

मंगळ_गुरू_शनी
इथेच आहे. काल गुरुवार होता, घरी आलो की मला झोपेशिवाय काही सुचत नाही.

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. तिने वाचला, मोबाइल परत दिला आणि चहा टाकायला गेली. चहा आला तेव्हा डोळे लाल होते. पुढचं इथे लिहीत नाही.

काका, कधीमधीच्या गोळ्या : पॅरासिटामॉल. पित्ताची पँटोप्राझोल. आणि हो, पाकिटात चार सॉर्बिट्रेट असतात. दीड वर्षापूर्वी छातीत दाबल्यासारखं झालं होतं तेव्हा कॅज्युअल्टीत दिल्या होत्या, "दुखलं तर जिभेखाली ठेवा." एकूण तीनदाच लागल्या, म्हणून यादीत धरल्या नव्हत्या.

औषधवाले_काका
थांबा. त्या चष्म्याच्या डबीला हात लावू नका.

सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट. नायट्रेट नळ सोडतं, ही गोळी मोरीच्या तोंडाला बोळा घालते. दोन्ही एकदम झालं की घरभर पाणी. इथे सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि बीपी कोसळतं, हृदयालाच रक्त पोचत नाही. इथे २५ आणि ५० चा हिशोब नाही. नायट्रेट आणि ही गोळी, एकत्र कधीच नाही. जिभेखालची, गिळायची, फवारा, छातीला चिकटवायची पट्टी, सगळं त्यात आलं. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळी असते, तीही त्यातलीच. नावात नायट्रेट नाही म्हणून लोक फसतात.

तुम्ही अर्धी घेतली असती. श्रमाने छातीत दुखलं असतं. सवयीने पाकिटातली जिभेखाली ठेवली असती. पुढचं लिहीत नाही.

तर्कट
काका, माझा "उगाच घाबरवता" मागे घेतो.

स्टेथो_हरवलेला
काकांना पूर्ण अनुमोदन. एक जोड. उलटं घडलं तरी तेच संकट. गोळी घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखलं आणि रुग्णवाहिकेत किंवा कॅज्युअल्टीत कुणी न विचारता सॉर्बिट्रेट दिली, तर? म्हणून लाज गुंडाळून पहिलं वाक्य हेच सांगा, "मी अमुक वाजता सिल्डेनाफिल घेतली आहे." सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात. हे तास धडधाकट माणसाचे. मूत्रपिंड गेलेल्यांत गोळी जास्त रेंगाळते.

धागालेखक, मधुमेह, डायलिसिस आणि श्रमाने छातीत दाबणं हे त्रिकूट मला गोळीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. दोन जिने न थांबता चढता येतात का? आधी हृदयाची तपासणी. आणि तुमच्या यादीतली मेटोक्लोप्रमाइड प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवते, मूत्रपिंडाच्या आजारात ते आधीच वाढलेलं असतं. त्याने इच्छाही मरते. मेटोप्रोलॉलचाही थोडा हात असू शकतो, पण ती मनाने बंद करू नका, हृदय उसळी खातं.

न्यूजर्सीकर
इथे माझ्या नेफ्रॉलॉजिस्टने पहिल्याच भेटीत छापील फॉर्म दिला, त्यात हाही प्रश्न होता. मी "नाही" वर खूण केली. खोटी. लाज आपण सोबत घेऊन फिरतो, देश कुठलाही असो. दोन वर्षांनी खरी खूण केली.

कट्ट्यावरचा_बाळ्या
लाजेवरून आठवलं. १९८३ मध्ये लास व्हेगासला मूत्रविकारतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिंडली नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 'त्या' जागी दिलेल्या इंजेक्शनने ताठरता येते ते सिद्ध करायला आधी खोलीत स्वतःला टोचून घेतलं आणि भर व्याख्यानात ट्रॅकसूट खाली केला. सभागृहात डॉक्टरांच्या बायकाही होत्या. त्या मानाने धागालेखकांनी फक्त ओपीडीत तोंड उघडायचंय.

औषधवाले_काका
बाळ्या पहिल्यांदा उपयोगी बोलला. आणि गंमत म्हणजे सिल्डेनाफिल मुळात छातीदुखीचं औषध म्हणूनच तपासत होते. ते जमलं नाही, भलतंच जमलं, आणि १९९८ ला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००१ च्या सुमारास देशी गोळ्या दुकानात आल्या तेव्हा लोक रात्री शटर पाडताना यायचे, मित्रासाठी हवी म्हणून. सांगलीत इतके मित्र कुणाला असतात? शेड्यूल एच मधली गोळी आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मी सगळ्यांनाच परत पाठवलं असं म्हणणार नाही. पण "छातीची गोळी चालू आहे का" हे विचारल्याशिवाय कुणाला दिली नाही.

मंगळ_गुरू_शनी
बारा दिवसांनी लिहितोय.

युनिटमध्ये नाही, ओपीडीची वेळ घेऊन गेलो, बायको सोबत. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत नेली आणि टेबलावर ओतली, सॉर्बिट्रेटसकट. डॉक्टर म्हणाले, "हे सव्वा वर्षात मला कुणी सांगितलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही." दोघंही थोडं हसलो.

हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, स्ट्रेस एको झाली, आता अँजिओग्राफी ठरलीय. तोवर सॉर्बिट्रेट पाकिटात राहणार, म्हणजे 'ती' गोळी बंद. मेटोक्लोप्रमाइड थांबवली. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. हिमोग्लोबिन ८.१ होतं, इंजेक्शनचा डोस वाढवला. व्हॅक्यूम पंपाची माहिती दिली, पण डायलिसिसच्या दिवशी तो वापरायचा नाही, मशीनवर रक्त पातळ ठेवायला देतात त्या हेपरिनमुळे निळंकाळं होतं.

गोळ्या शेजारच्या बेडवर परत द्यायला गेलो. मशीन चालू होतं, ते डोळे मिटून पडले होते. हळूच विचारलं, "काका, तुम्ही हृदयाचं काही घेता का?" म्हणाले, "तसं काही नाही, सकाळी एक छोटी असते. निकोरँडिल की काय."

सिस्टरना हाक मारली. आता त्यांच्या फायलीवर लाल पेनाने लिहिलंय. ते दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. काल स्वतःहून विचारलं, तुमची ओपीडी कुठल्या वारी असते.

पावसाळी_छत्री
वाचून घाम फुटला. वडील ७१, क्रिएटिनिन ३.४, डायलिसिस नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि टाडालाफिल ५ ची एकत्र गोळी रोज रात्री घेतात, वर्षभर. गेल्या महिन्यात दोनदा पहाटे बाथरूमला जाताना पडले. आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं. संबंध असू शकतो?

औषधवाले_काका
दाट शक्यता आहे. या वयात ३.४ म्हणजे मूत्रपिंडाचं काम ३० च्या बरंच खाली असणार, तिथे टाडालाफिल रोज देत नाहीत. आज रात्रीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वेगळा धागा नंतर काढा. आणि हो, त्यांना विचारा, पाकिटात काय काय आहे.